घर हिरवे कशाने होते?

(मंडळाच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



दरवर्षी या दिवशी आपण बाहेरून एखाद्या विदुषीला बोलावतो आणि तिचे विचार ऐकतो. यंदा चिटणीसबाईंनी फर्मावले की, पाहुण्या नकोत, आपल्यापैकीच कोणी तरी आपल्या अनुभवाचे बोलावे. मी म्हटले, "मला लोणची-पापडांपलीकडे काय बोलता येणार?" त्या म्हणाल्या, "तुम्ही मागल्या वर्षी सहा महिने घराच्या कागदांमागे लागला होता ना? तेच सांगा. आपल्यापैकी कित्येकींची मुले नागपूर-पुण्याला घरे घेत आहेत." म्हणून हे धाडस करीत आहे. चुकले-माकले तर सांभाळून घ्यावे.

आमच्या जुन्या घरापासून सुरुवात करते. आमचे गाव सेवाग्रामपासून फार दूर नाही. मी लग्न होऊन आले तेव्हा घर मातीचे होते. पांढऱ्या मातीच्या हात-दीड हात जाडीच्या भिंती, सागवानी मयाली, वर बांबू आणि त्यावर कवेलू. मे महिन्यात आपल्या वर्ध्याचा पारा ४६-४७ अंशांवर जातो, हे मी तुम्हांला सांगावयास नको. तरीही त्या घरात दुपारी दार लोटून घेतले की डोळा लागत असे.

परंतु त्या घराचा जाच काही थोडा नव्हता. पावसाळ्याच्या तोंडावर कवेलू फेरावे लागत. माकडांची टोळी एकदा छपरावरून गेली की शंभर-दीडशे कवेलू फुटलेच म्हणून समजा. मग ऐन पावसात घरभर गंज-पातेली मांडून बसावे. वाळवी, उंदीर आणि त्यांच्या मागोमाग येणारे साप. दर आठवड्याला सारवण, दिवाळीला भिंतींना पोतारा. हे सारे कोणाच्या अंगावर? बाईच्या. शिवाय नणंदेला पाहावयास आलेल्या पाहुण्यांनी "घर कच्चेच आहे का अजून?" असे विचारले, ते आमच्या घरच्या पुरुषमंडळींना फार लागले. बारा वर्षांपूर्वी आम्ही ते घर पाडले आणि स्लॅबचे पक्के घर बांधले. पाडताना मला दुःख झाले असे मी खोटे सांगणार नाही. शेणाच्या पाटीतून सुटका झाली, म्हणून मी मनातून हरखलेच होते.

पहिल्याच उन्हाळ्यात काय ते कळले. स्लॅब दिवसभर ऊन पितो आणि रात्रभर ते घरात ओकतो. रात्री अकरा वाजता पलंगावर उभे राहून वर हात लावावा तर चटका बसे. पंखा लावला की तीच झळ अंगावर येई. कूलर आणला, दुसरा आणला. विजेचे बिल वाढले आणि पाण्याची ओढ लागली ती वेगळीच. आमच्या आत्याबाई तेव्हा पंचाहत्तरीच्या पुढे होत्या. एके रात्री त्या मला म्हणाल्या, "बाई, या घरात जीव गुदमरते वो. मले गोठ्यातच बाज टाकून दे." गोठा तेवढा जुनाच राहिला होता, कुडाचा आणि कवेलूंचा. त्या रात्रीपासून दर उन्हाळ्यात आत्याबाई गोठ्यात निजत. लोक काय म्हणतील म्हणून आम्ही त्यांना पुष्कळ विनवले, पण त्या ऐकल्या नाहीत. दोन वर्षांपूर्वी त्या गेल्या. एवढे मोठे पक्के घर बांधले आणि ज्या बाईने या संसारासाठी हाडे झिजवली तिचे उन्हाळे गुरांच्या शेजारी गेले, ही रुखरुख माझ्या मनातून अजून गेलेली नाही.

म्हणूनच मागल्या वर्षी आमच्या थोरल्याने नागपुरात सदनिका घेण्याचे काढले आणि एका बिल्डराचे रंगीत पुस्तक आणून माझ्यापुढे ठेवले, तेव्हा मी ते बारकाईने पाहिले. पुस्तकावर हिरवे पान छापलेले, आणि आत लिहिलेले, "प्लॅटिनम हरित घरे. उन्हाळ्यात थंड, वीज कमी, पाणी कमी." किंमत मात्र शेजारच्या साध्या इमारतीपेक्षा तीन लाखांनी जास्त. थोरला म्हणाला, "आई, हे सर्टिफिकेटचे घर आहे. तुला गोठ्यात जावे लागणार नाही." त्याने थट्टेने म्हटले, पण माझ्या काळजाला लागले. पैशांसाठी माझ्या पाटल्या आणि रस्त्याकडचा एक एकर विकावयाचे ठरत आले होते. मी एवढेच विचारले, "अरे, हे प्लॅटिनम दिले कोणी, आणि काय पाहून दिले?" त्याला सांगता येईना. यांनाही सांगता येईना. तेव्हा मी माझ्या बहिणीच्या मुलीला बोलावले. ती नागपूरला घरांचे नकाशे काढण्याच्या कचेरीत काम करते. तिने सुट्टीच्या दिवसांत मला जे समजावले ते मी वहीत उतरवून घेतले. त्यातले निवडक सांगते.

घराला गुण देण्याची ही रीत फार जुनी नाही. १९९० साली इंग्लंडात ती प्रथम सुरू झाली. पुढे अमेरिकेत 'लीड' नावाची परीक्षा निघाली. १९९८ साली तिचा प्रयोग झाला आणि २००० पासून ती सर्वांना खुली झाली. आपल्या देशात २००१ साली हैदराबादेस 'इंडियन ग्रीन बिल्डिंग कौन्सिल' ही संस्था निघाली. तिथल्याच एका इमारतीला २००३ साली भारतातले पहिले प्लॅटिनम मिळाले, आणि २००४ साली राष्ट्रपती अब्दुल कलाम यांच्या हस्ते तिचे उद्घाटन झाले. नंतर दिल्लीच्या 'टेरी' या संस्थेने केंद्र सरकारच्या अपारंपरिक ऊर्जेच्या खात्याबरोबर आपल्या देशाची स्वतःची परीक्षा तयार केली. तिचे नाव 'गृह'. २००७ साली सरकारने ती राष्ट्रीय म्हणून स्वीकारली. कौन्सिल चांदी, सोने, प्लॅटिनम अशा पायऱ्या देते, तर 'गृह' एकापासून पाचपर्यंत तारे देते. आपल्या फ्रिजवर ताऱ्यांची चिठ्ठी असते ना, तसेच समजा. फक्त फ्रिजची चिठ्ठी एकट्या विजेची असते. घराच्या परीक्षेत वीज, पाणी, माती, झाडे, बांधकामाचा माल, केरकचरा, उजेड, हवा असे पुष्कळ विषय असतात.

आता मुख्य मुद्दा. या परीक्षांचे नियम दर काही वर्षांनी बदलतात. मला आधी हे लबाडीचे वाटले. मी भाचीला म्हटले, "आज एक नियम, उद्या दुसरा, मग माणसाने भरवसा कशावर ठेवावा?" ती हसून म्हणाली, "मावशी, तू पहिल्यांदा पुरणपोळी केलीस तशीच आज करतेस का? हात बसतो तशी रीत सुधारते." हे मला पटले. कोणते नियम बदलले आणि का, ते ऐकावयासारखे आहे.

पहिला बदल मालाच्या अंतराचा. घर जवळच्या मालाने बांधावे, म्हणजे वाहतुकीचे तेल वाचते, असे 'लीड'चे पहिल्यापासून म्हणणे. पण जवळ म्हणजे किती? सुरुवातीला त्यांनी ५०० मैल धरले होते! म्हणजे सुमारे ८०० किलोमीटर. आपल्या वर्ध्याहून मुंबई आगगाडीने साडेसातशे किलोमीटरच्या आसपास आहे. म्हणजे मुंबईची फरशी वर्ध्यात आणली तरी ती 'गावातलीच' ठरली असती. २०१३ साली नवी आवृत्ती निघाली, तिच्यात हे अंतर १०० मैलांवर आणले. भाचीने हे सांगितले तेव्हा मी हसू आवरू शकले नाही. कारण इंग्रज वास्तुशिल्पी लॉरी बेकर, ज्यांनी पुढे केरळात शेकडो स्वस्त आणि सुंदर घरे बांधली, ते सांगत असत की, घर पाच मैलांच्या आत मिळणाऱ्या मालाचे असावे ही गोष्ट त्यांना महात्माजींनी सांगितली. त्यानंतर अर्ध्या शतकाहून अधिक काळ लोटला, आणि मोठमोठे तज्ज्ञ ५०० वरून १०० वर आले आहेत. पाचावर कधी येतील ते पाहू!

दुसरा बदल काचेचा. वीस वर्षांपूर्वी आपल्या शहरांतून काचेच्या इमारतींची हौस आली. इमारत काचेने मढवावयाची, आत ऊन कोंडावयाचे आणि मग ते बाहेर काढावयास वातानुकूलन यंत्रे लावावयाची, आणि त्या इमारतींनाही हरित म्हणून मानपत्रे मिळत. केंद्र सरकारच्या ऊर्जाबचत संहितेत २००७ साली बाहेरच्या भिंतीच्या ६० टक्क्यांपर्यंत काच चालत असे. २०१७ च्या संहितेत ती ४० टक्क्यांवर आणली. ही संहिता मोठ्या कचेऱ्या, दुकाने, हॉटेले यांसाठी होती. राहत्या घरांसाठी २०१८ साली 'इको निवास संहिता' निघाली, आणि २०२२ साली कायद्यात दुरुस्ती होऊन मोठ्या निवासी इमारतीही त्याच्या कक्षेत आल्या. २०२४ साली या दोन्ही संहिता पुन्हा सुधारल्या गेल्या.

या निवास संहितेने एक फार चांगली गोष्ट केली आहे. छपरातून उष्णता किती आत येते ते मोजावयाचा एक आकडा असतो. संहिता म्हणते, तो १.२ च्या वर नको. आमच्यासारख्या उघड्या स्लॅबचा आकडा याच्या दुपटीहूनही अधिक भरतो. म्हणजे आमचे पक्के घर या परीक्षेत पहिल्याच प्रश्नाला नापास! खिडक्यांचाही हिशेब २०१८ च्या संहितेत आहे. नागपूरच्या हवामानाला खोलीच्या १०० चौरस फूट जागेमागे बाहेर उघडणारी दारे-खिडक्या मिळून साडेबारा चौरस फूट तरी असावीत. नुसती काच बसवून चालत नाही, ती उघडली पाहिजे. २०१८ ची ही संहिता ५०० चौरस मीटर व त्याहून मोठ्या भूखंडांवरील इमारतींसाठी होती, आपल्या लहान घरांना तिची सक्ती नव्हती. पण म्हणून आपल्या खोलीची खिडकी मोजू नये असे थोडेच आहे?

तिसरा बदल मला सर्वांत आवडला. पूर्वी माणसाला बरे वाटण्याचे तापमान म्हणून उन्हाळ्यात २३ ते २६ अंश असे ठरवून टाकले होते. आता वर्ध्याच्या बाईला मे महिन्यात २३ अंशांत बसवले तर ती शाल मागेल! अहमदाबादच्या अभ्यासकांनी आपल्या देशातल्या निरनिराळ्या गावांतील कचेऱ्यांत लोकांना प्रत्यक्ष विचारून पाहिले. माणसाचे शरीर बाहेरच्या ऋतूप्रमाणे सवय लावून घेते, आणि पंखा, उघडी खिडकी, सुती कपडे असले तर त्याहून पुष्कळ जास्त उष्म्यातही त्याला बरे वाटते, असे त्यांना आढळले. २०१६ च्या राष्ट्रीय बांधकाम संहितेत ही गोष्ट मान्य झाली. यंत्रावाचूनही घर सुखाचे असू शकते, हे आपल्याला ठाऊक होतेच, पण ते नियमात लिहिले गेले याला महत्त्व आहे. नाहीतर यंत्र नाही म्हणजे सुख नाही, असाच हिशेब चालू राहिला असता.

चौथा बदल कार्बनचा. पूर्वी घर चालवताना लागणाऱ्या विजेवरच लक्ष असे. पण सिमेंट भाजताना, लोखंड वितळवताना, विटा पाडताना जो धूर होतो तो घर उभे राहण्याआधीच आकाशात गेलेला असतो. 'लीड'ची २०२५ साली नवी आवृत्ती आली, तिच्यात या धुराचा हिशेब मांडणे आवश्यक केले आहे.

आता ताऱ्यांविषयी, कारण फसगत येथेच होते. 'गृह'च्या पहिल्या परीक्षेत ५० गुणांच्या खाली काहीच मिळत नसे, आणि ५० ला एक तारा मिळे. २०१५ साली परीक्षा नव्याने मांडली, तेव्हा २५ गुणांपासून एक तारा आणि ५० गुणांना दोन तारे अशी वाटणी झाली. प्रश्नही बदलले, त्यामुळे दोहोंची सरळ तुलना होत नाही. २०१९ साली आणखी एक आवृत्ती आली. तेव्हा कोणी "आमच्या इमारतीला तीन तारे आहेत" असे म्हटले, तर "कोणत्या सालच्या परीक्षेत?" असे विचारावे. आपल्या वेळची सातवी आणि आजची सातवी एक नव्हे, तसेच हे. शिवाय 'गृह'चे तारे पाच वर्षांपुरतेच असतात. पुढे पुन्हा तपासून घ्यावे लागतात. हेही योग्यच आहे. लग्नात बाई सुगरण होती म्हणून ती जन्मभर सुगरणच राहील असे नाही.

हे सगळे समजल्यावर आम्ही तिघे, म्हणजे मी, थोरला आणि भाची, नागपूरला त्या बिल्डरच्या कचेरीत गेलो. मुलगा फार अदबीने बोलणारा होता. थंडगार खोलीत बसवून त्याने सरबत दिले. मी म्हटले, "बाळ, ते प्लॅटिनमचे प्रमाणपत्र दाखवतोस का?" त्याने भिंतीवरची चौकट दाखवली. भाचीने जवळ जाऊन वाचले आणि मला खूण केली. ते प्रमाणपत्र नव्हते, पूर्वप्रमाणपत्र होते.

भगिनींनो, हा शब्द ध्यानात ठेवा. पूर्वप्रमाणपत्र हे नकाशावर मिळते. आम्ही असे असे बांधणार आहोत असे बिल्डरने कागदावर दाखवले की संस्था म्हणते, या नकाशाप्रमाणे बांधाल तर अमुक पायरी मिळू शकेल. यात खोटे काही नाही, ती रीतच आहे. पण ते मुलीच्या पत्रिकेसारखे झाले. पत्रिका उत्तम जुळली म्हणजे संसार उत्तम झाला असे नव्हे. इमारत पुरी झाल्यावर कागद, बिले, मोजमापे पाहून खरे प्रमाणपत्र मिळते. मी त्या मुलाला विचारले, "तुमची याआधीची इमारत पुरी झाली आहे ना? तिचे शेवटचे प्रमाणपत्र दाखव." तो आत गेला, बाहेर आला, आणि म्हणाला, "ते प्रक्रियेत आहे." त्या इमारतीत लोक राहावयास येऊन तीन वर्षे झाली होती.

बिल्डरांना या कागदाची एवढी ओढ का, हेही मला भाचीकडून कळले. २०२० साली महाराष्ट्र सरकारने जी एकीकृत बांधकाम नियमावली काढली, तिच्यात हरित इमारतीला जास्तीच्या बांधकामाची सवलत आहे. चांदी किंवा तीन ताऱ्यांना ३ टक्के, सोने किंवा चार ताऱ्यांना ५ टक्के, प्लॅटिनम किंवा पाच ताऱ्यांना ७ टक्के. सवलत चांगल्या हेतूने दिली आहे, आणि प्रामाणिकपणे बांधणारेही पुष्कळ आहेत. पण सवलत त्यांना आणि तीन लाख आमचे, तर निदान घर खरोखर तसे आहे की नाही हे विचारण्याचा हक्क आम्हांला आहे. आम्ही उठून आलो. पाटल्या हातातच आहेत, या पाहा. थोरला चार दिवस घुम्यासारखा वागला. मग त्यानेच दुसऱ्या एका इमारतीतल्या भाडेकरूंना गाठून त्यांची मे महिन्याची विजेची बिले पाहिली. अजून घर ठरलेले नाही, पण शोध आता डोळस चालला आहे.

त्याच सुमारास आपल्या मंडळाची सेवाग्रामला सहल गेली होती, हे तुम्हांला आठवत असेल. बापूकुटी मी लहानपणापासून पाहत आले आहे. या वेळी मात्र वहीतले प्रश्न मनात घेऊन पाहिली. १९३६ साली महात्माजी शेगावला, म्हणजे आजच्या सेवाग्रामला, राहावयास आले. जमनालालजी बजाज यांची तिथे जमीन होती. प्रथम आदिनिवास उभे राहिले. आज आपण जिला बापूकुटी म्हणतो ती मुळात मीराबेनची झोपडी. मातीच्या भिंती, बांबू, चटया, वर कवेलू, पुढे-मागे पडव्या, म्हणजे उन्हाचा भिंतीला थेट स्पर्श नाही. बसल्या जागी उजेड आणि वारा येईल अशा खिडक्या. अंगणात झाडे. साप न मारता पकडून दूर सोडण्याचा पिंजराही तिथे जपून ठेवला आहे. जवळचा माल, छपराची सावली, उघडणारी खिडकी, यंत्रावाचून गारवा, धूर नाही. आपल्या वहीतला एकेक प्रश्न घ्या आणि कुटीला गुण देत जा. १९७८ साली इव्हान इलिच नावाचे जगप्रसिद्ध विचारवंत सेवाग्रामला आले होते. त्यांनी या कुटीत बसून काय वाटले यावर एक भाषणच केले, आणि ते पुढे जगभर वाचले गेले. आपल्या दारातल्या गोष्टीची किंमत पुष्कळदा दूरच्या पाहुण्याकडून कळते.

परंतु कुटीच्या भक्तीत वाहून जाऊन, चला, सगळ्या मातीच्या घरांत परत जाऊ, असे मी म्हणणार नाही. या साऱ्या परीक्षांमध्ये वीज मोजतात, पाणी मोजतात. बांधकामावरच्या मजुरांना पाणी व संडास आहे की नाही हेही 'गृह'मध्ये पाहतात, ही फार चांगली गोष्ट आहे. पण घर राखावयास घरच्या बाईचे किती श्रम लागतात, याचा रकाना मला कोठे आढळला नाही. सारवणाला वीज लागत नाही खरी, पण बाईची कंबर लागते. मातीच्या घराला पूर्ण गुण देणाऱ्याने आधी एक उन्हाळा त्याला पोतारा करून पाहावा. जुन्या घराचा गारवा आणि नव्या घराचा टिकाऊपणा ही दोन्ही एकत्र कशी मिळतील, हा खरा प्रश्न आहे.

त्याचे उत्तर शोधणारेही आपल्याच वर्ध्यात होऊन गेले. १९३४ साली महात्माजींनी ग्रामोद्योग संघ स्थापला आणि कुमारप्पांनी मगनवाडीत त्याचे काम वाढवले. १९७६ साली देवेंद्रकुमारजींनी ग्रामोपयोगी विज्ञान केंद्र सुरू केले. तिथे कुंभाराच्या चाकावर शंकूसारखे पोकळ कवेलू करून, ते एकात एक बसवून कमान उभारण्याची रीत विकसित झाली. छपराला लाकूड नको, लोखंड नको. मधल्या पोकळीमुळे ऊनही आत कमी येते. कुंभाराला काम आणि घराला गारवा. हे आपल्या गावापासून हाकेच्या अंतरावर असताना आम्ही बारा वर्षांपूर्वी कोणाला विचारलेसुद्धा नाही. पक्के म्हणजे स्लॅब, एवढेच आम्हांला ठाऊक होते. सरकारी मोजणीतही मातीची भिंत म्हणजे कच्चे घर, मग ती हातभर जाड का असेना!

आपल्यातल्या काही भगिनींची घरकुले मंजूर झाली आहेत. २०१६ साली ही प्रधानमंत्री आवास योजना सुरू झाली तेव्हा सपाट प्रदेशासाठी १ लाख २० हजार रुपये आणि निदान २५ चौरस मीटरचे घर असा नियम ठेवला होता. एवढ्या पैशांत तारे आणि प्लॅटिनम यांचे नावही कोणी काढणार नाही. 'गृह'वाल्यांनी लहान इमारतींसाठी 'स्वगृह' म्हणून सोपी परीक्षा काढली आहे, तिच्यात १४ प्रश्न आणि ५० गुण आहेत. पण घरकुलाला कागदाची गरजच नाही. कागदामागचे शहाणपण तेवढे घ्यावे. पश्चिमेच्या भिंतीला खिडकी लहान आणि पुढे पडवी किंवा मांडव. खिडक्या समोरासमोर. स्वयंपाकघराचा धूर निघावयास वर झरोका. आणि पत्रा किंवा स्लॅब असेल तर तो वरून पांढरा करावा.

हे शेवटचे मी स्वतः करून पाहिले आहे. मागल्या मार्चमध्ये आम्ही गच्ची स्वच्छ धुऊन तिच्यावर चुन्याचे दोन हात दिले. शेजारच्या तेलंगणा राज्याने तर २०२३ साली अशा थंड छपरांचे सरकारी धोरणच काढले आहे. गच्चीच्या पश्चिमेकडल्या अर्ध्या भागावर बांबू रोवून तुराट्या-पऱ्हाट्यांचा मांडव घातला, आणि भिंतीवर दोडक्याचा वेल चढवला. घर गोठ्याइतके गार झाले असे मी म्हणणार नाही. पण रात्री अकराला स्लॅबला हात लावला तर आता चटका बसत नाही, आणि दुसरा कूलर यंदा काढावा लागला नाही. चुना दर वर्षी द्यावा लागतो, पण यंदा तो आमच्या थोरल्याने दिला. सारवणासारखे तेही बाईचेच काम, असे मी होऊ दिलेले नाही.

शेवटी, घर घेताना विचारावयाचे चार प्रश्न वहीतून वाचून दाखवते. लिहून घ्यावेत. एक, प्रमाणपत्र नकाशाचे की पुऱ्या झालेल्या इमारतीचे? दोन, कोणत्या संस्थेचे आणि कोणत्या सालच्या नियमांचे? तीन, त्याची मुदत केव्हापर्यंत? चार, त्याच बिल्डरच्या जुन्या इमारतीत मे महिन्याचे विजेचे बिल किती येते? पहिल्या तीन प्रश्नांची उत्तरे कागदावर मिळतील. चौथ्याचे उत्तर तिथे राहणाऱ्या बाईला विचारा, ती खरे सांगेल. आणि पाचवा प्रश्न माझ्या स्वतःचा आहे, तो कोणत्याही परीक्षेत नाही. या घरात मे महिन्याच्या दुपारी घरातली सर्वांत म्हातारी बाई सुखाने निजेल काय?

आत्याबाई असत्या तर या पांढऱ्या गच्चीखाली मी त्यांची बाज टाकली असती, आणि त्यांच्याकडूनच गुण घेतले असते.